नेरच्या विहीणबाईंची दुभाषी

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं. तिथून नेरची एसटी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मधल्या ओळींमध्ये उंच तूर, आणि पुढे कापसाची बोंदरी (मोठी गाठोडी) लादून डुलत चाललेल्या गाड्या. खिडकीला कापसाचे तंतू चिकटले होते. मी मनातल्या मनात रशियन वाक्यं घोकत होते. माझं नाव अमुक. मी पुण्यात राहते. हे काय आहे? हे घर आहे.

विद्यापीठातल्या संध्याकाळच्या रशियन वर्गात मी जूनपासून जात होते. बँकेतल्या कामाला कंटाळून नाव घातलं होतं. शिकले थोडं आणि सांगितलं जास्त. माझी मैत्रीण वैशाली मूळची नेरची. तिचा डॉक्टर भाऊ रशियात शिकला आणि तिथलीच लेना त्याची बायको झाली. दोघंही यवतमाळच्या एका दवाखान्यात काम करतात. लेनाची आई, गालिना, हिवाळ्यात आली होती आणि नेरला वैशालीच्या आईकडे राहत होती. वैशाली म्हणाली, "तू जा ना चार दिवस. तुला सराव होईल, आईला सोबत होईल." मी एका शब्दानंही म्हटलं नाही की मला अजून धड वेळसुद्धा विचारता येत नाही.

स्टँडवर वैशालीची आई, म्हणजे काकू, घ्यायला आल्या होत्या. शेजारी उंच, गोऱ्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या गालिनाबाई. मी "झ्द्रास्त्वुइत्ये" (नमस्कार) म्हटलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. त्यांनी मला मिठी मारली आणि भरभर बोलायला सुरुवात केली. त्यातले 'मुलगी', 'घर' आणि 'खूप' एवढेच शब्द माझ्या हाती लागले.

"काय म्हनते?" काकूंनी विचारलं.

"मुलीचं घर खूप आवडलं म्हणतायत."

काकू खूश झाल्या. आतापर्यंत दोघींचं बोलणं मोबाईलवर चालायचं. एकीनं बोलायचं आणि मोबाईलनं दुसरीच्या भाषेत सांगायचं. काकूंनी तो पदराआडच्या पिशवीत टाकला. "आता तू आली. कायले पाह्यजे हा डब्बा!"

दुपारी आम्ही शेतात गेलो. वेचणीच्या बाया भोवती जमल्या. "बाई, तिले विचार, तिच्याकडं कापूस होते काय?" मी "हे काय आहे?" एवढंच विचारू शकले, बोंडाकडे बोट दाखवून. गालिनाबाईंनी लांबलचक उत्तर दिलं. मी सांगितलं, "त्यांच्याकडे फार थंडी, कापूस होत नाही." ते खरंही असेल. पण त्या तसं म्हणाल्या होत्या की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. बायांनी माना डोलावल्या. एक म्हणाली, "कशी फाडफाड बोलते पोरगी!" मी मान खाली घालून हसले.

दुसऱ्या दिवशी काका कापूस घेऊन बाजार समितीत गेले होते. काकूंनी सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) झणझणीत भाजी, भाकरी आणि कढी केली होती. गालिनाबाई पाटावर ताठ बसल्या होत्या. अन्न चिवडत होत्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ऊ मिन्या बालीत झिवोत."

'ऊ मिन्या' म्हणजे माझ्याकडे, हे माहीत होतं. 'झिव्योत' म्हणजे राहतो, हा आमचा दुसराच धडा. मधला शब्द मी 'बल्शोय', म्हणजे मोठा, असा धरला.

"काय म्हनून राह्यली?"

"त्यांच्याकडेही मोठं घर आहे, सगळे एकत्र राहतात."

"हो काय! आमच्यासारखंच तं!" काकू मोकळ्या हसल्या आणि त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली. गालिनाबाईंनी "न्येत, न्येत" म्हणत पोटावर हात ठेवला.

"पोट भरलं म्हनते काय?"

"हो, तसंच," मी म्हटलं. गालिनाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं. तरी मी भाकरीचा तुकडा मोडला.

तासाभरानं त्या न्हाणीघराच्या पायरीवर वाकून बसलेल्या सापडल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मी "श्तो एता?" (हे काय?) एवढंच विचारत राहिले. काकूंनी धावत मोबाईल आणला आणि त्यांच्या तोंडाजवळ धरला. त्या कण्हत बोलल्या. मोबाईलमधली बाई सपाट आवाजात म्हणाली, "माझे पोट सकाळपासून दुखत आहे. मी सांगितले होते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. 'झिवोत' म्हणजे पोट, हे मला तेव्हा कळलं.

मग ऑटो, नेरचा सरकारी दवाखाना, तिथून ॲम्ब्युलन्सनं यवतमाळ. त्या सगळ्या रस्त्यात गालिनाबाईंनी काकूंचा हात धरला नाही. काकू पुढे करत होत्या, त्या काढून घेत होत्या. अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात. ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खाटेजवळ उभ्या होतो. लेना उशाशी बसली होती. तिला मराठी येतं, वऱ्हाडी वळणाचं. ती चाचरत म्हणाली, "आई, मम्मा विचारते. तिनं दुखते म्हनून सांगितलं, तं तुम्ही हसल्या काहून? अजून जेवाले काहून वाढलं?"

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "तिले सांग, चूक माहीच झाली. मले नीट ऐकू नाही आलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहुणी होते, मुलीची मैत्रीण होते, म्हणून त्या हा ठपका स्वतःवर घेत होत्या. माझे कान तापले. तिथून निघून जावंसं वाटलं, आणि गप्प राहिले असते तर जाताही आलं असतं.

"नाही लेना," मी म्हटलं. "काकूंना काही कळलंच नव्हतं. मलाच समजलं नव्हतं. मी मनानं काहीतरी सांगितलं. कालही, परवाही."

लेनानं ते आईला सांगितलं. सांगताना माझं नाव ऐकू येत होतं. गालिनाबाईंनी डोळे मिटले. मग उघडले आणि काकूंकडे हात केला. काकू तो दोन्ही हातांत धरून रडल्या. नंतर माझ्याकडे बघून गालिनाबाई क्षीण आवाजात काहीतरी म्हणाल्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"या नि पनिमायू," मी म्हटलं. मला समजत नाही.

लेना म्हणाली, "ती म्हनते, उभी कायले आहे, बस."

मी स्टुलाच्या कडेवर बसले.

निघताना काकू यवतमाळच्या स्टँडवर सोडायला आल्या. मी माफी मागायला लागले तर त्यांनी थांबवलं. "समजत नव्हतं तं सांगाचं होतं बाई. मोबाईल होता ना माह्याजवळ." गाडी लागली तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या खेपेस ये. पण बोलाच्या कामाले नको येऊ, अशीच ये." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

प्रवासात माणूस अनोळखी मुलखात आपली ओळख सांगतो, तेव्हा ती थोडी फुगवूनच सांगतो. पुण्यात परतेपर्यंत मी स्वतःला हेच समजावत होते. पण माझ्या फुगवण्यानं एक बाई दुखणं सांगूनही एकटी पडली होती, आणि दुसरी तिच्या नजरेत निर्दयी ठरली होती.

सोमवारी वर्गात सरांनी क्रियापदांची नवी रूपं फळ्यावर लिहिली आणि विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" सगळ्यांच्या माना हलल्या. सवयीनं माझीही हलायला लागली होती. मी ती थांबवली आणि हात वर केला.