योसेफमामांचे भेक

माणसं पोपट पाळतात, मासे पाळतात. शेवगावच्या योसेफमामांनी भेक पाळले. भेक म्हणजे ते अंगभर पुळ्या असलेले, पाण्यापेक्षा मातीत रमणारे बेडूक. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं शिपाई होता बिचारा, दुसरं काय सुचणार! निवृत्त झाल्यावर परसातल्या फुटक्या हौदात माती, पाला अन् पाण्याची परात ठेवून तिघांचा संसार थाटून दिला. तिघंही सारख्या मापाचे. "मोठा ठेवला की धाकट्याला गिळतो, भावकीच ती," मामा म्हणायचे. गांडुळंही तीन कोपऱ्यांत टाकायची, नाहीतर एकाच्या घासात दुसऱ्याचा पाय.

त्यांची बायको मार्था. जन्म दवाखान्यात नर्सगिरी करण्यात गेला, तिला या प्रकाराची शिसारी. मामांनी भेक हाताळला की ती लाल साबण पुढं करायची. "आधी हात धुवा, मग चहा मागा. त्यांच्या डोळ्यांमागं विष असतं, तुम्हीच सांगता ना?" मामा निमूट धुवायचे.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. भेक सोडून द्यायला मार्थाचा जीव होईना. मामांचं जितंजागतं असं तेवढंच तर उरलं होतं. ती रोज हौद साफ करायची, रोज एकेकाला उचलायची. अन् उचलण्याआधी, नर्सच ती, लाल साबणानं कोपरापर्यंत हात घासायची. महिन्याभरात एक मेला. मागोमाग दुसरा. तिसरा खाईना.

"मला परकी समजतात मेले, त्यांच्यासाठी झुरतायत," ती मामांच्या शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीपाशी रडली. ही ज्ञानेश्वरी, आता त्याच शाळेत विज्ञान शिकवते.

"मावशी, उचलण्याआधी हात कशानं धुता?"

"साबणानं. मग काय राखेनं?"

"अहो, भेकाची कातडीच पाणी पिते. हाताला राहिलेला साबणही आत जातो. आधी नुसत्या पाण्यानं हात ओला करायचा, पोटाखाली आधार द्यायचा. साबण नंतर, आपल्यासाठी. अन् रोज उचलायचंच कशाला?"

"म्हणजे मीच मारले गं!"

ज्ञानेश्वरीनं तिला जवळ घेतलं.

आठ दिवस मार्थानं तिसऱ्याला हात लावला नाही. मग पाला बदलायची वेळ आली तेव्हा तिनं नुसत्या पाण्यात हात बुडवला अन् तळवा अलगद त्याच्या पोटाखाली घातला. गडी शांत बसला. खाली ठेवला तर समोरचं गांडूळ लपकन गिळलं की!

"अहो, खाल्लं त्यानं!" ती सवयीनं घराकडं वळून ओरडली. आत ऐकायला मामा कुठं होते!

मामा गेले त्या दिवशी, भेक खाली ठेवताना, याच हौदापाशी त्यांना घेरी आली होती. पित्त चढलं असेल, असं दोघांनाही वाटलं. ती हात धरायला गेली तर त्यांनी हात मागं घेतला. "धुतलेला नाही गं," म्हणाले. आणि ती खुळी साबण आणायला आत पळाली होती. परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.