आठवा महिना चालत नाही

माझी नात होळीच्या आदल्या दिवशी झाली. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. आईच्या दुधावर पाच-सहा महिने तिचं बरं चाललं. पालथी पडायला लागली, आवाजाकडं मान वळवायला लागली, माझ्या नाकातली फुली ओढायची. मग तिची वाढ थांबली. ताप नाही, जुलाब नाही. घरात ज्वारी होती, तांदूळ होते, तुरीची डाळ होती, दारात दोन शेळ्या दूध देत होत्या. तरी पोर वाळत चालली होती, कारण तिच्या मामाला यायला जमत नव्हतं.

मामा माणूस वाईट नाही. पुण्याकडं कंपनीत कामाला आहे. तीन बहिणींच्या पाठीवरचा एकटा भाऊ, म्हणून सुनेच्या माहेरी त्याचा फार मान. लेकराच्या तोंडात पहिला घास मामानं घालायचा, त्याला उष्टावण म्हणतात. चांदीच्या वाटीत खीर करतात, नवं झबलं घालतात, ओवाळतात. आमच्याकडंही ही रीत आहे, पण मामा नसला तर आजा घालतो, नाहीतर शेजारचा कुणी घालतो, आणि लेकरू खायला लागतं. सुनेच्या आईनं मात्र तिला बजावून ठेवलं होतं की मामाच्या हाताशिवाय अन्नाचा कण तोंडात जाऊ द्यायचा नाही. त्यात आणखी मुलीचं उष्टावण पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात. सहावा आणि आठवा मुलाचा.

पाचव्या महिन्यात मीच नको म्हणाले. सहा महिने नुसतं आईचं दूध पाजा, असं अंगणवाडीची बाई सांगत होती आणि मला ते पटलं होतं. सहावा मुलीचा नाही, तो सरला तर पितृपंधरवडा लागला. सातव्यात, दसऱ्याला, मामा येणार असं ठरलं. सोयाबीन काढायला आलेलं, माणसं मिळत नव्हती, तरी मी जवळा बाजार गावाहून शेवया आणि गूळ आणवला. दसऱ्याच्या तोंडावर त्यांच्या भावकीतला एक म्हातारा गेला आणि सुतक लागलं. सुतक फिटेपर्यंत मामाची सुट्टी संपली आणि आमचा सातवा महिनाही संपला.

मुलगा असता तर सहाव्यातच सुट्टी मिळाली असती, असं मी एकदा बोलले. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण हे खोटं आहे, असंही म्हणाली नाही.

ती दिवसभर सोयाबीनच्या रानात, पोरगी माझ्यापाशी. भूक लागली की पोर मूठ तोंडात घालून चोखायची आणि आम्ही जेवायला बसलो की आमच्या हाताकडं बघायची. ताटातून तोंडाकडं हात गेला की तिचे डोळेही त्याच्यासोबत वर जायचे. ते बघून मी ताट बाजूला सारायचे. प्रेमानं नाही, रागानं. बसायच्या वयाला आली तरी बसत नव्हती. दोन्हीकडून आधार दिला तरी कलंडायची. मांडीची कातडी सैल पडली होती.

आणि याच घरात तिला चहात बुडवलेलं बिस्किट चालायचं. बिस्किट हे अन्न नाही म्हणे. सून रानातून आली की स्वतःच्या चहातलं बिस्किट भिजवून तिला चाटवायची. पोर गप्प व्हायची, सुनेला वाटायचं पोट भरलं. मी विचारलं, हे पिठाचंच असतं ना? तर म्हणाली, विकतचं आहे, चुलीवरचं नाही. मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढं मला कळत होतं.

अंगणवाडीच्या बाईनं वजन केलं तेव्हा काटा मागच्या महिन्याच्या जागीच थांबला. ती म्हणाली, भात-वरण चालू करा, मऊ करून द्या. सून म्हणाली, मामा आले की करतो. बाई म्हणाली, बरं, पण लवकर बोलवा. झालं, संपलं तिचं. ती याच गावातली, तिलाही सासर-माहेर आहे, परक्याच्या रीतीत कोण हात घालणार? मला तिचाही राग आला. माझ्या लेकाला म्हणाले, तू बाप आहेस, तू तरी बोल. तो म्हणाला, बायकांच्या कामात मला ओढू नको.

मग भाऊबीज आली आणि मामा बहिणीकडं आला. येताना चांदीची वाटी घेऊन आला. माझ्या मनात आलं, सुटलो एकदाचे. सकाळीच भात मऊ शिजवला, वरण घोटलं, लोणकढं तूप काढून ठेवलं. ओवाळणं झालं. मामा पाटावर, पोरगी त्याच्या मांडीवर, वाटी समोर. मी त्याला म्हणाले, हात धुऊन या, लेकराला भरवा.

तो बहिणीकडं बघायला लागला. सून म्हणाली, "आत्याबाई, आठवा चालू हाय. आठवा चालत न्हाई. पुढच्या म्हयन्यात येनार हायेत ते, वाटी तवर इथंच ठिवायची हाय."

मामानं आईला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन मधे ठेवला. इहीणबाई तिकडून गोड आवाजात म्हणाल्या, "इतके दिस थांबलात, आता म्हयनाभरानं काय बिघडून राहिलं?"

"तुमच्या लेकाला म्हयनाभर चहा-बिस्किटावर ठिवा," मी म्हणाले, "मग सांगते काय बिघडतं ते."

त्यांनी फोन ठेवला. माझा लेक म्हणाला, "आई, सणासुदीला काहून भांडून राहिली?" मामा कसंनुसं हसला. पोर किरकिर करायला लागली, तेव्हा काय करावं ते न सुचून त्यानं बशीतलं बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि तिच्या तोंडाला लावलं.

मामाच्या हातानंच. महिना आठवाच. आणि कुणाला काही वाटलं नाही.

मी पोरीला त्याच्या मांडीवरून उचललं. चांदीच्या वाटीला हात लावला नाही, ती त्यांची होती. माझ्या ताटलीत भात-वरण बोटानं कुस्करलं, तुपाची धार सोडली आणि सगळ्यांसमोर तिच्या तोंडात घातलं. पहिल्यांदा तिनं जिभेनं बाहेर ढकललं. तेच पुन्हा घातलं. ती थांबली, जीभ फिरवली, गिळलं आणि तोंड उघडलं. पाच-सहा घास झाले असतील. मग सुनेनं तिला माझ्याकडून ओढून घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. मामा ताट अर्धं टाकून उठला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. लेकानं मला एवढंच विचारलं की समाधान झालं का.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं स्वतःच भात काढून घेतला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता उष्टं झालंच हाय." वाटलं, चला, मार्गी लागलं. पण ठसका लागेल या भीतीनं तीही पातळ करायची आणि मीही. वरणाच्या वरचं पाणीच पाजत होतो म्हणा ना. पंधरा-वीस दिवसांत काही फरक दिसेना. अंगणवाडीच्या बाईनं चमचा तिरपा करून दाखवला. चमच्यातून ओघळतं ते नुसतं पाणी, त्यानं अंग धरत नाही, घट्ट द्या. भांडण करून मिळवलं आणि पाणी पाजत बसले. त्या दिवशी मला माझाच वैताग आला.

मग घट्ट करायला लागलो. पोर दोन्ही वेळा खायची. आधाराशिवाय बसायला लागली.

नववा सरायच्या आत मामा खास सुट्टी काढून आला. इहीणबाईही आल्या. खीर झाली, ओवाळणं झालं, फोटो झाले. एव्हाना कुठलीही वाटी दिसली की पोरगी आ करायची. मामानं खीर पुढं केली, तिनं आ केला. सगळ्या बायकांना भरून आलं. इहीणबाई म्हणाल्या, "बघा, मामाच्या हातानं कशी बराबर खाती. उगा घाई केली व्हती तुमी." मी चुलीपाशी होते, फोटोत आले नाही.

पुढं गोवराची लस द्यायला आम्ही तिला उपकेंद्रात नेलं. सिस्टर म्हणाली, पोरगी आता बरी दिसते. सून म्हणाली, "मामाच्या हातचं उष्टावण झालं, तवापासून अंगाला लागून राहिलं."

जिभेवर आलं होतं, पण पोरगी माझ्या मांडीवर होती, तिला धरून ठेवायचं होतं. सिस्टरनं तिचा दंड चिमटीत धरला. धरायला आता मांस होतं. सुई गेली आणि पोर सगळं उपकेंद्र डोक्यावर घेण्याइतक्या जोरात रडली.