पूर्ण कान झाकणारी कर्णफुलं

त्या कर्णफुलांचा मला इतका राग आहे की कपाटातला तो डबा उघडायलाही नको वाटतो. मुलीच्या लग्नात हौसेनं घातली. सासरी निघताना ती माझ्या कानाशी काहीतरी बोलली आणि ते मला ऐकूच आलं नाही. काय बोललीस, हे विचारायची हिंमत सात महिने झाली नाही.

माझा उजवा कान केव्हाचाच गेला. डाव्याला मशीन आहे. ते मुलीनंच घेऊन दिलं, नोकरी लागल्या लागल्या. ती शाळेत होती तेव्हा तिचे बाबा गेले. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. चिखलीच्या कचेरीत मी कारकुनी केली, तिथे सगळे माझ्याशी ओरडूनच बोलायचे. ही मात्र कधी आवाज चढवायची नाही. जवळ यायची, डाव्या कानाशी हळू बोलायची. मनातलं जे काही असेल ते तसंच सांगायची.

तर कर्णफुलं. खामगावच्या सराफानं ती मखमलीवर मांडली आणि सुरू झाला. "हे आजकालचं काम नाही ताई. लोणारच्या देवळात जुन्या मूर्ती हायेत ना, त्यायच्यावरून काढलं. राण्या घालत असत. पुरा कान झाकते." नणंद सोबत होती, ती तर हरखलीच. "घ्या वहिनी. व्याह्याकडच्या बायका पाह्यतच राह्यतीन." मलाही मोह पडला, खोटं कशाला बोलू. पन्नाशी उलटली तरी आरशासमोर मान इकडून तिकडे वळवत बसले होते. जुन्या पाटल्या मोडल्या आणि घेतली.

घरी येऊन मशीन लावलं, वरून कर्णफूल चढवलं, तर मशीननं शिट्टी मारली. काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा शिट्टी. कानामागे जिथे मशीन बसतं, नेमकी तिथेच या बयेची सोन्याची कडी. सराफाला फोन केला तर म्हणे, "थोडे दिवस घाला ताई, सेट होऊन जाईन." काय सेट होईन, कपाळ. त्याच्या राणीला मशीन लागत नव्हतं. आणि तिला नसेलच आलं ऐकू, तर समोरचा मुकाट्यानं पुन्हा बोलला असेल. आम्हाला कोण पुन्हा सांगतं?

"एक दिवस मशीन नाही लावलं तर काय बिघडते?" नणंद म्हणाली. "तसंही फोटोत ते कानामागचं डबडं चांगलं नाही दिसत." मी चिडायला पाहिजे होतं. एरवी भाजीवाल्याशीही भांडणारी बाई मी. पण लग्नाच्या सकाळी मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. मुलीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं कर्णफुलंच उतरवायला लावली असती.

दिवसभर निभलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला एक विद्या आपोआप येते. समजलं नाही की हसायचं आणि हो म्हणायचं. व्याह्यांना हो, भटजींना हो, आचाऱ्याला हो. आचाऱ्याला कशाला हो म्हटलं देव जाणे, जिलबी दुप्पट झाली. बायका जवळ येऊन कर्णफुलांना हात लावत होत्या आणि मी फुगत होते.

संध्याकाळी मुलगी निघाली. गाडीजवळ सगळ्यांची रडारड चालली होती. ती माझ्या गळ्यात पडली आणि तोंड डाव्या कानाशी आणलं. तिचा श्वास मानेला लागला. तिला वाटलं असणार, मशीन आत आहे. मी हसले आणि पाठीवर थोपटलं. तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसली.

पुण्याला गेल्यापासून तिचे फोन येतात, पण दोन मिनिटांत संपतात. भाजी काय केली, गोळी घेतली का, बस. मला संताप यायचा. लग्न झालं की आई परकी होते का, म्हणून नणंदेजवळ कितीदा तणतणले.

गेल्या आठवड्यात नणंद तिचा मोबाइल घेऊन आली. निरोपाच्या वेळी ती माझ्या खांद्याला खेटून व्हिडिओ काढत होती. "पाहा वहिनी, कर्णफुलं कशी चमकून राह्यली." तिनं तो कितीदा पाहिला असेल, पण तिचं लक्ष सोन्यावर. माझं मशीन लावलेलं होतं. मोबाइल कानाशी धरला आणि मुलीचा आवाज स्पष्ट आला.

"आई, मले लय भेव लागून राह्यलं."

त्यावर माझाच आवाज, अगदी खुशीतला. "हो हो, जा आता."

नणंद दारातून बाहेर पडायच्या आत मी पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. मशीन पर्समध्ये होतं, तेही.

"मले वाटलं, तू ऐकलं," ती म्हणाली. "ऐकून हसली. म्हणून मंग तुले सांगायचंच सोडून देलं मी."

"आता सांग," मी म्हणाले.

"आता नाही लागत भेव, आई."