न निघणारा पंख्याचा क्लच

सिहोऱ्याला धान नेताना माझी पिकअप सारखी तापू लागली. मी इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या क्लचला दोषी धरलं आणि अंगणातच तो काढायला बसलो. नट दुपारपर्यंत हलेना. पाना घसरून बोटं सोलली, तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "आटे उलटे हायेत. तू त्याले आवळून राहिला."

मी त्याच्यावरच खेकसलो. शेवटी क्लच निघाला. तेल गळलेलं नव्हतं, बेअरिंग ढिलं नव्हतं. हातानं फिरवला तर चांगला क्लच फिरतो तेवढाच जड फिरला. मी वैतागून तो फेकणारच होतो, तेवढ्यात गाडीच्या समोरच्या जाळीत हात घालून बायकोनं विचारलं, "माझी मच्छरदाणी इथं काहून बांधली जी?"

रेडिएटरमध्ये भुसा जाऊ नये म्हणून मळणीच्या वेळी मीच बांधली होती. आता ती भुशानं गच्च भरली होती, तिच्यातून वाराही जात नव्हता.