मागच्या दारातला खंडोबा

"बघा सर, दाराला कुलूप नाही," देशमाने मला अभिमानानं सांगत होते. कुलूप खरंच नव्हतं. कुलपाच्या जागी खंडोबा होता.

कासुर्डीजवळ, हायवेला लागून हा पॅकिंगचा कारखाना. थर्माकोलचे डबे आणि पुठ्ठ्याची खोकी तिथे बनतात. आसपासची फुलं, भाजी त्यातूनच बाहेर जाते. देशमाने तिथले प्लँट मॅनेजर. मी फायर ब्रिगेडमधून रिटायर झालो आणि आता कारखान्यांचं फायर ऑडिट करतो. म्हणजे आग लागलीच तर माणसं बाहेर पडू शकतील का, हे आधी बघून ठेवतो. मागच्या भेटीत या इमर्जन्सी एक्झिटला, म्हणजे जीव वाचवायला पळायच्या दाराला, भलंमोठं कुलूप होतं. मी आरडाओरडा करून ते काढायला लावलं होतं. आता त्याच दाराला अगदी टेकून संगमरवरी देव्हारा होता. आत खंडोबाची तसबीर, भंडारा, झेंडूचा ताजा हार. पुढे पितळी कठडा.

"हे काय आहे?"

"कामगारांची श्रद्धा, सर. खंडेनवमीला स्थापना केली. दार पूर्वेला आहे ना."

एवढ्या मोठ्या शेडमध्ये पूर्व फक्त याच दारात सापडली होती.

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता मॉक ड्रिल घ्या. मॉक ड्रिल म्हणजे आगीची रंगीत तालीम. बहुतेक ठिकाणी ती आधी सांगून सवरून होते. लोक दारापाशी तयार उभे असतात, फोटो निघतात, चहा होतो. देशमाने कुरकुरले, "आज डिस्पॅच आहे हो. गाडी उभी आहे." मी ऐकलं नाही.

शेडच्या मधोमध श्रिंक मशीन आहे. गरम हवेनं खोक्यांवर प्लास्टिक आवळून बसवणारं. आग लागली तर तिथेच लागणार. मी त्या मशीनपाशी लाल झेंडा घेऊन उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "मी म्हणजे आग. माझ्याकडे यायचं नाही." मग सायरन वाजवला. सगळी मशीनं बंद झाली.

मागच्या लाइनवर सगळ्या बायाच. त्यांच्यात हौसाबाई वयानं मोठ्या. वडगाव रासाईहून कंपनीच्या गाडीनं येतात. गुडघ्यानं अधू. मागचं दार त्यांच्या अगदी हाताशी. हौसाबाई देव्हाऱ्यापर्यंत गेल्या, हात जोडले, आणि मागे वळून लंगडत थेट माझ्याच दिशेनं आल्या. बाकीच्या त्यांच्या मागे. सगळ्या माझ्या अंगावरून पुढच्या दारानं पटांगणात.

मी मागोमाग गेलो. "मावशी, मी आग होतो. तुम्ही जळालात."

"मग काय देवाला लाथाडून जाऊ व्हय, सायेब?"

शेजारी सुपरवायझर साळवे उभे होते. केडगावचे, ख्रिश्चन. ते हळूच म्हणाले, "सर, देव्हारा हलवायचं माझ्या कितीदा मनात आलं. पण मी हात लावला तर काय होईल, तुम्हीच सांगा." त्यांचंही खोटं नव्हतं.

देशमाने मात्र खुशीत होते. "सगळे बाहेर आले की नाही? झालं तर मग!"

"आले, कारण आग म्हणजे मी होतो. थर्माकोलच्या काळ्या धुरात स्वतःचा हात दिसत नाही. हा देव्हारा कुणाच्या डोक्यातून निघाला?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. "खरं सांगू, सर? तुम्ही कुलूप काढायला लावलंत आणि गडी त्या दारानं तंबाखू मळायला जाऊ लागले, बाया फोनवर बोलायला. वॉचमनला कुणी जुमानेना. देव बसवल्यापासून एक माणूस फिरकत नाही!" आणि हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आगीत माणसं अडकवणारी कुलपं मी नोकरीत खूप पाहिली, साखळ्या पाहिल्या. पण माणसांच्या भक्तीचंच कुलूप करणारा हा पहिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला. मशीन बंद असल्यानं देशमान्यांचं बोलणं पटांगणभर ऐकू गेलं होतं.

"म्हंजी आमचा देव तुमी आमच्यावरच राखणीला बसवलाय?" हौसाबाई पुढे आल्या होत्या.

"तसं नाही मावशी, तुमचीच श्रद्धा..."

"आमची श्रद्धा आमी बघू. देव तिथनं हलल्याबिगर लाइन चालू व्हनार न्हाई."

बाकीच्या बायांनी पदर खोचले. गेटवर गाडीवाला हॉर्न देत होता. देशमाने नरमले. "बरं, पण ठेवायचा कुठे?"

"तुमच्या केबिनीत. तितं एसी हाय, जागा बी मोकळी हाय. आन् आत जाताना बूट काढत जावा."

बायांनी हातपाय धुतले. भंडारा उधळून 'येळकोट येळकोट' करत तसबीर केबिनमध्ये नेली, गड्यांनी मागून देव्हारा नेला. मी दाराचा आडवा दांडा ढकलला. दार करकरत उघडलं. पलीकडे शेवंतीचं रान होतं, वारा होता.

पुढच्या उन्हाळ्यात ते श्रिंक मशीन खरंच पेटलं. साळव्यांनी फोन करून सांगितलं. अर्धी शेड काळी झाली, पण मागची लाइन मागच्याच दारानं बाहेर पडली. हौसाबाईंना दोघींनी काखेत धरून नेलं.

शेड उभी राहिल्यावर देशमान्यांचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल.

"सर, एक विचारायचं होतं. त्या मागच्या दारानं लोक पुन्हा तंबाखूला जायला लागलेत. काही करता येईल का?"

"जाऊ द्या," मी म्हणालो. "तंबाखूला बाहेर गेलेला माणूस परत कामावर येतो."