बाबांच्या ताटातलं वरण

अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत मी अंड्यांना खिडक्या पाडते. उबवायला ठेवलेल्या अंड्याचं कवच नाण्याएवढं कापायचं आणि आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या कशा पसरतात ते पाहायचं, हा माझा धंदा. रक्तवाहिनीच्या पेशींना वाढायला अमिनो आम्लं लागतात, म्हणजे प्रथिनांच्या विटा. विटा नाहीत, तर नवी वाहिनी नाही. एवढी एक गोष्ट समजून घेण्यात माझी सहा वर्षं गेली आणि नावाआधी डॉक्टर लागलं. गावात त्यामुळे लोक मला सर्दीचं औषध विचारतात.

गाव अकोल्याजवळचं. घरात बाबा, दादा-वहिनी आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्याबाई. बाबांना मधुमेह. तुरीच्या वावरात त्यांच्या पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा गेला आणि जखम दोन महिने भरेना. मी दर रविवारी फोन करायची. "बाबा, साखर किती?" ते आकडा सांगायचे. "गोळ्या?" "चालू हायेत." मग कर्तव्य बजावल्याच्या समाधानात मी माझ्या अंड्यांकडे वळायची.

शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "साखर आटोक्यात आहे, किडन्या ठीक आहेत, मोठ्या रक्तवाहिन्याही बऱ्या आहेत. पण जखमेत नव्या वाहिन्याच फुटत नाहीयेत. पंधरा दिवस पाहू, नाहीतर अंगठा काढावा लागेल."

नव्या रक्तवाहिन्या! हा तर माझा विषय. मी सुट्टी टाकून गावी गेले आणि सगळ्यांना ओसरीवर बसवून व्याख्यान झोडलं. त्या विटांपैकी ग्लुटामिन काय करतं, आर्जिनिन काय करतं. दादाला जांभया आल्या. आत्याबाई म्हणाल्या, "लय शिकली माही पोरगी. चाल, आता जेवाले."

सगळ्यांच्या ताटात भाकर, भाजी, वरण. बाबांच्या ताटात भाकर आणि दुधी.

"बाबांना वरण नाही?" मी विचारलं.

"जखमेले तुरीचं वरन चालते का कुठी? पू धरते," आत्याबाई म्हणाल्या. "अंड्याचं तं नावच काढू नको. काटा लागला त्या दिवसापासून कडक पथ्य हाय."

मागच्या खोलीत आमच्याच वावरातल्या तुरीची पोती आढ्यापर्यंत रचलेली. माझं डोकंच फिरलं. अडाण्यांचा बाजार आहे हा, असंही बोलून गेले. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"काहून ओरडून राहिली? अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तुहं, तवा टाके सुकेपर्यंत महिनाभर तूच वरन खाल्लं नाही. मी नोको म्हटलं अन् तू गपचूप ऐकलं. तवा कुठी गेलं होतं तुहं शिक्षन?"

खरं होतं. तेव्हा पीएचडी होऊन वर्ष झालं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली, पण आवाज मी खाली आणला नाही.

पंधरा दिवस बाबांनी दोन्ही वेळा वरण आणि रोज दोन अंडी खाल्ली. जखमेची कड जराशी लाल दिसू लागली, पण तोवर आत हाड सडलं होतं. अंगठा गेला. ऑपरेशनची जखम मात्र वरण-अंड्यांवर महिन्याभरात भरून आली. आत्याबाईंनी गल्लीभर सांगितलं, "आंधी दोन महिने पथ्य पाळलं ना, त्याचा गुन हाय हा."

मी परत निघाले त्या दिवशी बाबा ओसरीवर बसून बुटाच्या रिकाम्या टोकात कापूस कोंबत होते. माझ्याने राहवलं नाही. "बाबा, इतके रविवार फोन केला मी. वरण बंद आहे, हे एकदा तरी सांगायचं ना."

त्यांनी बूट पायात घालून पाहिला.

"तू साखर विचारे, मी साखर सांगो. काय जेवलो म्हनून विचारलं असतं, तं तेही सांगतलं असतं, बाई."