गोंदणावरून नको

आत्याला फिजिओथेरपीला न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला इंग्रजी येतं. "मशीनचं सगळं इंग्रजीत असतं, नीट विचारून घे," पप्पा म्हणाले. तिथं गेल्यावर सगळे मराठीच बोलत होते. माझी अडचण वेगळीच होती. अनोळखी माणसासमोर मला कुठल्याच भाषेत तोंड उघडता येत नाही.

आत्या ताडकळसहून परभणीला आमच्याकडे येऊन राहिली होती. तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत ठणकायचा. शेळ्यांची धार काढता येईना, पाला तोडता येईना, भरलेला तांब्या हातातून सुटायचा. सुनेनं तिला सांगून टाकलं होतं, हात बरा होत नसेल तर येत्या बाजाराला शेळ्या विकून टाकू. शेळ्या आत्याच्या स्वतःच्या. "शेळ्या गेल्या की मी नुसती बसून खाणारी," ती माझ्या आईला म्हणाली. मी बाजूच्या खोलीत होते, ऐकलं.

पहिल्या वेळी फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या. त्यांनी आम्हाला गर्द हिरव्या काचांचे चष्मे दिले, स्वतःही लावला. "माय, मी तर पिच्चरमधली दिसायलेय," आत्या हसली. टॉर्चसारखं दिसणारं लेझरचं टोक मॅडमनी कोपराच्या हाडावर फिरवलं. यानं दुखणं कमी होतं, आतली झीज भरून यायला मदत होते, पण सगळं हळूहळू, असं त्यांनी सांगितलं. टोक खाली नेण्याआधी त्या थांबल्या. आत्याच्या कोपराखाली गोंदलेली हिरवट काळी वेल आहे, थेट मनगटापर्यंत. "गोंदणावरून नको. शाई उष्णता धरते, कातडी भाजेल. कडेकडेनं करू."

कोपराला उतार पडला. खाली, नेमकं वेलीखाली, दुखणं तसंच राहिलं. बाजार जवळ येत होता. सकाळी उठल्यावर आत्या धार काढल्यासारखी बोटं मिटून बघायची, आणि मग कुणी बघतंय का ते बघायची. मी बघत असायचे.

पुढच्या खेपेला मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होते आणि ते घाईत होते, कारण बाहेरचं बाकडं पेशंटनी भरलं होतं.

"मावशी, कुठं दुखतंय?"

"हितं." आत्यानं बोट थेट वेलीवर ठेवलं. डॉक्टरांनी मशीन लावता लावता ओझरतं बघितलं.

"मॅडमनी मागं सगळं तपासलंय ना?"

"व्हय की. समदं बघितलंय."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीची. पाहुण्यांच्या घरी दुसरा लाडू मागायचा नाही, अशी.

चष्मे लावल्यावर सगळी खोली गर्द हिरवी झाली. त्या हिरव्यात जुनं, विटलेलं गोंदण दिसेनासं झालं. मला मात्र ते कुठं आहे ते ठाऊक होतं. टोक खाली सरकू लागलं. "कोमट लागलं पाहिजे. चटका बसला तर लगेच सांगा," डॉक्टर म्हणाले. आत्यानं मान हलवली. मी तिच्या पायांकडे बघत होते. पायांची बोटं आवळत चालली होती. तोंडावर हसू होतं. लहानपणी गोंदून घेताना हात मागं ओढला नाही म्हणून तिला गुळाचा खडा मिळाला होता, ही गोष्ट तिनं मला कितीदा तरी सांगितली होती. जितकं सोसावं तितका गुण येतो, असंच तिला वाटत असणार.

माझ्या मनात वाक्य तयार होत होतं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत. मी ओरडले आणि काही झालेलंच नसलं तर? तिचा इलाज माझ्यामुळे अडला तर?

"गोंदण," मी म्हणाले. आवाज बाहेर पडला की नाही तेच कळेना. "थांबा! तिथं गोंदण आहे. भाजतंय तिला."

डॉक्टरांनी टोक उचललं, चष्मा काढला, हात खिडकीपाशी धरला. वेलीच्या एका पानावर लाल चट्टा उठला होता.

"मावशी, बोलायचं ना!"

"न्हाई भाजत मला. ह्या पोरीला काय कळतंय? नुसती शिकेल हाय. तुमी करा."

"भाजत नाही? मग डोळ्यांत पाणी कशाचं?"

"चष्म्याचं."

ते हसले नाहीत. त्यांनी चट्ट्यावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवलं. चट्टा जाईपर्यंत लेझर बंद, तोवर व्यायाम, पुढेही कडेकडेनंच, असं त्यांनी सांगितलं. किती दिवस लागतील, असं मी विचारलं. आताच सांगता येणार नाही, ते म्हणाले.

रिक्षात बसल्यावर आत्यानं ओलं फडकं हाताला नीट गुंडाळून घेतलं. मग म्हणाली, "बाजार थांबतोय का व्हय तुझ्या डॉक्टरसाठी?" आपण बरोबर केलं हे माहीत असूनही मी तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात सुनेचा फोन आला. आत्याला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू होता.

"काय म्हणले डॉक्टर? हात चालायलाय का?"

"चालायलाय की. लय फरक हाय."

"मंग शेळ्याच्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"न्हाई म्हण. मी येईपर्यंत शेळ्याला कुणी हात लावायचा न्हाई."

हे बोलताना ती माझ्याकडेच बघत होती. या वेळी मी काही बोलले नाही. फोन तिनं डाव्या हातात धरला होता. उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला होता.